‘गोट’ शब्दाचें कूळ

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाच्या पहिल्या पुस्तकांत ‘जी’ या अक्षरासमोर बहुधा एका शेळीचें चित्र असतें. मूल तें चित्र पाहतें, ‘गोट म्हणजे शेळी’ असें घोकतें आणि पुढच्या अक्षराकडे वळतें. पुढें त्याच मुलाचा पदवीधर झाला, त्यानें शेक्सपिअर व मिल्टन वाचले, तरी या शब्दाकडे पुन्हा वळून पाहण्याचें त्यास कारण पडत नाहीं. आमच्या मतें हा शब्द इतका उपेक्षणीय नाहीं. वायव्य यूरोपांतील लोक कोठून आले, त्यांनीं बरोबर काय आणलें आणि तेथें येऊन दुसऱ्यांपासून काय उचललें, या मोठ्या वादाचा एक दुवा या लहानशा शब्दांत अडकलेला आहे. शिवाय शब्दाशब्दांचीं नातीं कशीं जुळवावीं, आणि त्याहूनही महत्त्वाचें म्हणजे कशीं जुळवूं नयेत, हें दाखविण्यास याच्याइतकें सोईचें उदाहरण आम्हांस दुसरें आढळलें नाहीं.

प्रथम या शब्दाचीं भावंडें पाहूं. जुन्या इंग्रजींत, म्हणजे हजार-बाराशें वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत, याचें रूप ‘गात’ असें होतें. नॉर्स लोकांच्या जुन्या भाषेंत ‘गेइत’, डेन्मार्कांत ‘गेद’, हॉलंडांत ‘खैट’, दक्षिण जर्मनींत व स्वित्झर्लंडांत ‘गाइस’. स्वीडनमध्यें आद्याक्षर ‘ग’च लिहितात, परंतु उच्चार ‘येत’ असा करितात. त्यामुळें नुसत्या कानावर भरंवसा ठेवणारास ‘येत’ व ‘गोट’ हीं एकाच आईचीं लेकरें आहेत हें कधींही कळावयाचें नाहीं. या सर्वांत जुना लेखी पुरावा गॉथिक भाषेचा आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकांत वुल्फिला नांवाच्या बिशपानें गॉथ लोकांसाठीं बायबलाचें भाषांतर केलें. उधळ्या पुत्राच्या प्रसिद्ध गोष्टींत थोरला भाऊ बापाजवळ तक्रार करितो कीं, आपल्यास मित्रांसमवेत मौज करण्यासाठीं एक करडूंही कधीं मिळालें नाहीं. तेथें वुल्फिलानें ‘गाइतीन’ हा शब्द योजिला आहे. जांभळ्या चर्मपत्रांवर चांदीच्या शाईनें लिहिलेली त्या भाषांतराची सहाव्या शतकांतील प्रत स्वीडनांतील उप्साला येथें आहे. रुसलेल्या भावाचें करडूं असें चांदीच्या अक्षरांत अमर झालें आहे.

आतां ‘गात’, ‘गेइत’, ‘येत’ आणि ‘गाइस’ हीं एकच, हें कशावरून? ऐकावयास सारखीं वाटतात म्हणून नव्हे. दगड या अर्थाचा शब्द शेजारीं मांडला म्हणजे खरें कारण दिसतें. गॉथिकांत ‘स्ताइन्स’, जर्मनांत ‘श्टाइन’, नॉर्सांत ‘स्तेइन’, स्वीडिशांत ‘स्तेन’, जुन्या इंग्रजींत ‘स्तान’ आणि आजच्या इंग्रजींत ‘स्टोन’. म्हणजे जेथें गॉथिकांत ‘आइ’ आहे तेथें स्वीडिशांत ‘ए’, जुन्या इंग्रजींत ‘आ’, नव्या इंग्रजींत ‘ओ’. हा क्रम एका शब्दापुरता नसून शेंकडों शब्दांत आढळतो. जर्मनांतील शेवटचा ‘स’ही असाच नियमबद्ध आहे. इंग्रजी ‘वॉटर’, ‘फुट’, ‘व्हॉट’ यांच्या जागीं जर्मन ‘वासर’, ‘फूस’, ‘वास’ म्हणतो. त्याच न्यायानें ‘गोट’चें ‘गाइस’ झालें. डचांत ‘स्टेन’च्या धर्तीवर ‘खेट’ यावयास हवें होतें. तें न येतां ‘खैट’ आलें, याचें कारण विभक्तिरूपांतील इकाराची मागच्या स्वरावर पडलेली छाया असें सांगतात. अपवादासही कारण मागणें हा या शास्त्राचा बाणा आहे. या सर्व रूपांवरून पंडितांनीं त्यांचें समाईक मूळ ‘गाइत्स्’ असें ठरविलें आहे. तें कोठेंही लिहिलेलें सांपडत नाहीं; पाऊलखुणांवरून जनावर ओळखावें तसें तें ओळखलेलें आहे.

येथें एक गोष्ट मराठी वाचकास विशेष सहज कळेल. जुन्या जर्मानिक भाषांत हा शब्द मादीचाच होता. नराला निराळा शब्द, पिलाला निराळा. आपल्याकडे शेळी स्त्रीलिंगी, बोकड पुल्लिंगी व करडूं नपुंसकलिंगी. जर्मनांतही ‘गाइस’ स्त्रीलिंगी, ‘बॉक’ पुल्लिंगी व ‘किट्स’ नपुंसकलिंगी. इतकी नेमकी त्रयी जुळलेली पाहून आम्हांस तर गंमतच वाटली. जातीचें सामान्य नांव मादीवरून पडावें हेंही साहजिकच आहे. दूध ती देते, कळपांत संख्या तिची, नर एखादाच. ‘शेळ्या चारावयास नेल्या’ असें आपण म्हणतों तेव्हां त्यांत बोकड नव्हता असें कोणी समजत नाहीं. इंग्रजींत मात्र लिंगभेद लोपला, ‘गोट’ हा नरमादीस समान झाला आणि मग चौदाव्या शतकाच्या अखेरीस ‘ही-गोट’, ‘शी-गोट’ असे जोडशब्द करावे लागले. पुढें ‘नॅनी’ व ‘बिली’ हीं माणसांचीं लाडकीं नांवें त्यांच्या गळ्यांत बांधलीं गेलीं. या शब्दाचें जुनें अनेकवचनही गेलें. ‘फुट’चें ‘फीट’ होतें तसें ‘गात’चें अनेकवचन आंतला स्वर बदलून होई. तें टिकतें तर आमच्या विद्यार्थ्यांस आणखी एक अपवाद पाठ करावा लागला असता.

आतां जर्मानिक कुळाबाहेर पडूं. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ मध्यें कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढें संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें मूळ एक असावें असा विचार मांडला, आणि १८२२ मध्यें याकोब ग्रिम यानें जर्मानिक भाषांतील व्यंजनें मूळ भाषेच्या व्यंजनांपासून कोणत्या क्रमानें सरकलीं हें नियमरूपानें सांगितलें; डॅनिश पंडित रास्क यानें त्याच्या आधीं, १८१८ मध्यें, पुष्कळसें तेंच पाहिलें होतें. या नियमाप्रमाणें संस्कृत ‘त्रि’ म्हणजे इंग्रजी ‘थ्री’, ‘पितृ’ म्हणजे ‘फादर’, ‘दश’ म्हणजे ‘टेन’. ‘द’च्या जागीं ‘ट’ आला. तसेंच मूळच्या एका महाप्राण घकारसदृश वर्णाचा संस्कृतांत व लॅटिनांत ‘ह’ झाला आणि जर्मानिकांत ‘ग’. आपला ‘हंस’ जर्मनांत ‘गान्स’ व इंग्रजींत ‘गूस’ होतो तो यामुळें. मग ‘गाइत्स्’चा जोडीदार लॅटिनांत कसा दिसावा? आरंभीं ‘ह’, मध्यें ‘आइ’, पुढें ‘द’. आणि लॅटिनांत तंतोतंत तसाच शब्द आहे: ‘हाइदुस’, अर्थ करडूं. एवढेंच नव्हे, तर ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील रोमन पंडित व्हारो यानें नोंदवून ठेविलें आहे कीं, सॅबाइन लोक याच शब्दास ‘फेदुस’ म्हणत, लॅशियमच्या खेड्यांत ‘हेदुस’ म्हणत आणि रोम शहरांत ‘हाइदुस’. शहरी व ग्रामीण उच्चारांतील फरक दोन हजार वर्षांपूर्वीं एका विद्वानानें करडाच्या निमित्तानें टिपून ठेवावा, यांत आम्हांस त्याची रसिकता दिसते.

लॅटिनाची साक्ष मिळाली म्हणजे संस्कृताकडे वळण्याचा मोह होणारच. नियमानें चाललें तर संस्कृतांत ‘हेद’ असा कांहींसा शब्द हवा. तो नाहीं. ग्रीकांत नाहीं, इराणींत नाहीं, आर्मेनियनांतही नाहीं. संस्कृतांत शेळीचें जुनें नांव ‘अज’, आणि त्याचा सोयरा लिथुएनियन भाषेंतील ‘ओझिस’. ग्रीक ‘आइक्स’ व आर्मेनियन ‘आइत्स’ हे याच्या अगदीं जवळचे दिसतात, पण स्वरांचा हिशेब पुरता जमत नाहीं. ‘अज’पासून ‘अजिन’. आज ‘अजिन’ म्हटलें कीं आपल्यास मृगाजिन आठवतें, परंतु तें मूळचें शेळीचें कातडें. ग्रीकांतही ‘आइक्स’वरून ‘आइगिस’, म्हणजे झ्यूस देवाची ढाल अथवा प्रावरण, हा शब्द आला असें समजत. इंग्रजींत तोच आश्रय किंवा छत्रछाया या अर्थीं रूढ आहे. ब्रह्मचाऱ्याचें आसन आणि ग्रीक देवराजाचें कवच यांची अशी शेळीच्या कातड्यावर गांठ पडते.

या ‘अज’ शब्दानें आमच्याकडे एका राजाचा घात केला आहे. महाभारताच्या शांतिपर्वांत कथा आहे कीं, ‘अजानें यजन करावें’ या वचनाच्या अर्थावरून ऋषींचा व देवांचा वाद पडला. ऋषी म्हणत, ‘अज’ म्हणजे बीज, धान्य. देव म्हणत, ‘अज’ म्हणजे बोकड. आकाशांत संचार करणारा उपरिचर वसुराजा यास पंच नेमलें. त्यानें देवांची बाजू घेतली आणि ऋषींच्या शापानें तो भूमीच्या विवरांत पडला. भाषाशास्त्रदृष्ट्या राजाचें म्हणणें बरोबर होतें असेंच आम्हांस म्हणावें लागेल. पण ऋषींचा अर्थ जरी व्युत्पत्तीस धरून नसला, तरी जीवहत्येविरुद्ध त्यांनीं तो पुढें केला हें विसरतां येत नाहीं. शब्दाचें मूळ सांगणें आणि शब्दाचा उपयोग ठरविणें हीं दोन निराळीं कामें आहेत.

‘अज’ पुढें बोलींतून गेला व ‘छाग’, ‘छगल’ पुढें आले. ‘छगण’पासून ‘शेण’ तशी ‘छगली’पासून ‘शेळी’. आणि प्रवासांत पाण्यासाठीं बाळगीत ती कातड्याची ‘छागल’ही याच घरची. ‘एडका’ तर बहुधा आर्यभाषेचा नव्हेच; कानडींतील ‘आडु’ व तमिळांतील ‘आडु’ त्याचे आप्त असावेत असा तर्क आहे. म्हणजे शेळ्यामेंढ्यांचीं नांवें शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून घेण्यास संस्कृतासही कमीपणा वाटला नाहीं. हा मुद्दा पुढें उपयोगी पडणार आहे.

नराच्या नांवांची हकीकत याहून रंगतदार आहे. जर्मानिकांत बोकडास दोन जुने शब्द होते. पहिला जुन्या नॉर्सांतील ‘हाफ्र’ व जुन्या इंग्रजींतील ‘हॅफर’. लॅटिन ‘कापेर’शीं याचें नातें ग्रिमच्या नियमानें उघड आहे, कारण ‘क’चा ‘ह’ व ‘प’चा ‘फ’ होणें हें ठरलेलेंच. हा शब्द आज बोलींतून जवळजवळ गेला असला तरी पुराणांत त्याचा मोठा मान आहे. नॉर्स लोकांचा मेघगर्जनेचा देव थोर याचा रथ दोन बोकड ओढीत, आणि एका प्राचीन काव्यांत त्यास बोकडांचा धनी असेंच म्हटलें आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत आइसलंडच्या स्नॉरी स्टुर्लुसननें ही कथा सांगितली आहे. थोर एका शेतकऱ्याच्या घरीं मुक्कामास उतरला. त्यानें आपलेच बोकड मारून शिजविले, घरच्या मंडळींस जेवावयास बसविलें, आणि हाडें मात्र कातड्यांवर टाकण्यास सांगितलें. शेतकऱ्याचा मुलगा थ्याल्फी यानें आंतील मगजाच्या लोभानें मांडीचें एक हाड सुरीनें फोडलें. पहांटे थोरानें आपला हातोडा उगारून मंत्र घालतांच बोकड उठून उभे राहिले. पण एक मागच्या पायानें लंगडत होता. देवाचा कोप शांत करण्यासाठीं शेतकऱ्यानें मुलगा व मुलगी दोघेंही त्याच्या सेवेस दिलीं. याच पुराणांत वाल्हालच्या छपरावर उभी राहून झाडाचा पाला खाणारी, आणि जिच्या सडांतून वीरांसाठीं मद्य वाहतें अशी हाइद्रून आहे. ती मादी म्हणून तिला ‘गेइत’ म्हटलें आहे, आणि थोराच्या रथाचे ते ‘हाफ्र’. भेद कसोशीनें पाळला आहे.

थोराचा रथ पाहतांच ऋग्वेद जाणणारास पूषा आठवेल. त्याचेंही वाहन शेळ्यांचेंच आणि त्याचें विशेषणच ‘अजाश्व’. अश्वमेधांतही घोड्याच्या पुढें पूषाचा भाग म्हणून बोकड चालवीत. दोन दूरच्या जातींत हा एकच देखावा आढळावा याचें आश्चर्य वाटतें खरें. परंतु थोर गर्जनेचा देव आहे, पूषा वाटांचा व गुरांचा. रथ सारखा असला तरी रथी निराळा. एवढ्यावरून दोघांचें ऐक्य सांगणारे ग्रंथकार आम्ही वाचले आहेत. त्यांच्या कल्पकतेस आमचा नमस्कार, पण मत नव्हे.

दुसरा शब्द ‘बॉक’, इंग्रजींत ‘बक’. आणि येथें आमचे मराठी अभिमानी जागे होतात. वर्गांत हा शब्द निघाला कीं मागच्या बांकावरून कोणीतरी म्हणणारच: ‘बॉक म्हणजे आमचा बोकड!’ अर्थ एक, ध्वनी जवळजवळ एक, मग शंका कसली? शंका नियमाची आहे. जर्मानिकांतील आरंभींचा ‘ब’ हा मूळच्या ‘भ’पासून येतो, ‘भ्रातृ’चा ‘ब्रदर’, ‘भरामि’चा ‘बेअर’. तेव्हां ‘बॉक’चा संस्कृत भाऊ ‘भ’नें सुरू झाला पाहिजे आणि पुढें त्यांत ‘ज’ असला पाहिजे. आपला ‘बोकड’ प्राकृत ‘बोक्कड’पासून आला, कोशांतील ‘बुक्क’ त्याचाच संस्कृत पोषाख. त्यांत ना ‘भ’, ना ‘ज’. म्हणून हें साम्य योगायोगाचें समजणेंच प्राप्त आहे. निराश होणारास दुसरें एक नातें दाखवितां येतें. इराणींत मूळच्या ‘भ’चा ‘ब’ व अशा ‘ज’चा ‘झ’ होतो, आणि अवेस्तेंत बोकडास ‘बूझ’ म्हणतात, फारसींत ‘बुझ’. हा ‘बॉक’चा खरा आप्त असें बहुतेक विद्वान मानतात. तोच फारसी शब्द उर्दूच्या मार्गें आपल्या कानीं आलेल्या ‘बुजदिल’ या शब्दांत आहे. बुजदिल म्हणजे शेळीच्या काळजाचा, भित्रा. अफगाणिस्थानांत घोडेस्वार बोकडाच्या कलेवरासाठीं झोंबतात त्या ‘बुजकशी’ खेळाच्या नांवांतही तोच आहे. तात्पर्य, दारांत उभा असलेला बोकड परका निघाला आणि ‘बुजदिल’ घरचा ठरला! आमच्या ‘बुजणें’ या क्रियापदाची गांठ मात्र कोणी याच्याशीं घालूं नये.

‘बॉक’ शब्दाचा विस्तार फार झाला. इंग्रजींत ‘बक’ बोकडावरून हरणाच्या नरावर गेला. डच लोक आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास गेले, तेथील हरणांस त्यांनीं ‘बॉक’च म्हटलें, आणि म्हणून दक्षिण आफ्रिकेचें ‘स्प्रिंगबॉक’ आज खेळांच्या बातम्यांतून आपल्या परिचयाचें आहे. फ्रेंचांत बोकडास ‘बूक’, आणि बोकड कापणारा तो ‘बूशे’. त्याचाच इंग्रजी ‘बुचर’ झाला. स्वीडनांत नाताळच्या सुमारास गवताचा बोकड करितात, त्यास ‘यूलबॉक’ म्हणतात. येव्ले नांवाच्या शहरीं (आमच्या येवल्याशीं याचा संबंध नाहीं) १९६६ पासून चौकांत असा प्रचंड बोकड उभारतात, आणि तो पुष्कळ वेळां कोणीतरी रातोरात जाळून टाकतो. पहिल्याच वर्षीं तो जळाला. परंतु नुसत्या नांवावरून फसूं नये याचा उत्तम दाखला बव्हेरियाच्या ‘बॉक’ नांवाच्या बिअरचा आहे. तिच्या बाटल्यांवर बोकडाचें चित्र असतें, आणि बोकडासारखी ती धडक देते म्हणून हें नांव, असें पिणारे सांगतात. वस्तुतः ती उत्तरेकडील आइनबेक गांवची बिअर. बव्हेरियन उच्चारांत ‘आइनबेक’चें ‘आइनपॉक’ झालें, आणि जर्मनांत ‘आइन’ म्हणजे ‘एक’ असल्यामुळें लोकांनीं ‘एक बॉक’ असें समजून त्यास शिंगें बसविलीं.

आजच्या प्रमाण जर्मनांत शेळीस ‘गाइस’ न म्हणतां ‘त्सीगे’ म्हणतात. हा पालट कसा झाला? ‘गाइस’ दक्षिणेचा व आल्प्स पर्वताचा शब्द. ‘त्सीगे’ पूर्वमध्य जर्मनीचा. मार्टिन ल्यूथर त्याच भागांतला, आणि १५२२ पासून त्याचें बायबल घरोघर गेलें. दक्षिणेकडील वाचकांस त्याचे शब्द इतके अपरिचित वाटत कीं, १५२३ मध्यें बाझेल येथील आडाम पेट्री या मुद्रकास आपल्या आवृत्तीस शब्दार्थांची यादी जोडावी लागली. ग्रंथाच्या बळावर एका प्रांताची बोली प्रमाण झाली, आणि तिजबरोबर तिची शेळीही. तथापि डोंगराळ मुलखांत जुनी शेळी अद्याप चरते. योहाना श्पीरी हिच्या १८८० सालच्या ‘हायडी’ या कथेंतील गुराखी पोऱ्या ‘गाइसेनपेटर’ आहे, ‘त्सीगेनपेटर’ नव्हे. ग्रिमबंधूंच्या १८१२ च्या संग्रहांतील लांडगा व सात करडें या गोष्टींतही ‘गाइसलाइन’च आहेत. ‘त्सीगे’चें मूळ अजून वादांत आहे. मात्र तो शब्द नवा नव्हे. जर्मन ‘त्स’च्या जागीं इंग्रजींत ‘ट’ असतो, आणि जुन्या इंग्रजींत करडास ‘टिक्केन’ म्हणत. जर्मन ‘त्सिक्लाइन’ त्याचेंच प्रतिरूप.

मग हा ‘टिक्केन’ गेला कोठें? उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांनीं आपला ‘किद’ आणला, आणि त्यानें घरच्या शब्दास हांकलून लाविलें. आज ज्या ‘किड’ शब्दानें इंग्रज व अमेरिकन आपल्या मुलांस हांक मारतात तो मूळचा स्कॅन्डिनेव्हियन करडूं आहे. मूल या अर्थीं त्याचा वापर सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून आढळतो. ‘टिक्केन’ बिचारा गांवांच्या नांवांत उरला: ससेक्समधील टाइसहर्स्ट म्हणजे करडांची टेकडी, हॅम्पशरमधील टिचफील्ड म्हणजे करडांचें कुरण. गांवांचीं नांवें हीं भाषेचीं अडगळीचीं खोली आहे. बाहेर जें मोडीत गेलें तें तेथें सांपडतें. ‘गात’ही तेथें भरपूर आहे. टाइन नदीकांठच्या गेट्सहेडचा अर्थ बीड या साधूनें आपल्या ७३१ च्या इतिहासांत लॅटिनांत शेळीचें डोकें असाच दिला आहे. आमचीं मुलें विलायतेस जातांना ज्या गॅटविक विमानतळावर उतरतात तें मूळचें शेळ्यांचें खिल्लार. नॉटिंगहॅमशरमधील गॉथम म्हणजे शेळ्यांचा पाडा. तेथील लोक मूर्ख म्हणून म्हणीगत होते. १८०७ मध्यें वॉशिंग्टन अर्व्हिंग यानें थट्टेनें न्यूयॉर्क शहरास तें नांव दिलें, आणि पुढें चित्रकथांतल्या वीराचें नगरही गॉथमच झालें. गगनचुंबी इमारतींच्या त्या नगराच्या मुळाशीं शेळीचा गोठा आहे.

आतां मुख्य प्रश्न. ‘गाइत्स्’ व ‘हाइदुस’ हे दोनच शाखांत कां? संस्कृत, ग्रीक, इराणी या सर्वांनीं एकच जुना शब्द विसरावा आणि दोघांनींच तो जपावा, हें अशक्य नाहीं; पण दुसरा मार्ग अधिक सोपा दिसतो. शेळी ही यूरोपची मूळची रहिवासी नव्हे. तिला प्रथम माणसाळविलें तें पश्चिम आशियांत. इराणच्या झाग्रोस पर्वतांत गंज दरे येथें सुमारें दहा हजार वर्षांपूर्वींचा त्याचा पुरावा सांपडला आहे. तेथून ती शेतकऱ्यांबरोबर अनातोलियांतून यूरोपांत गेली आणि ख्रिस्तपूर्व सुमारें ५५०० पर्यंत मध्य यूरोपांत पोंचली. आर्यभाषा बोलणारे लोक, बहुतेकांच्या मतें, काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशांतून ख्रिस्तपूर्व ३००० च्या सुमारास व नंतर तेथें आले. जुन्या हाडांतील जनुकद्रव्याच्या अलीकडील अभ्यासानेंही शेतकऱ्यांची एक लाट व गवताळ प्रदेशांतील लोकांची दुसरी लाट अशा दोन लाटा दाखविल्या आहेत. म्हणजे नवागतांस तेथें अडीच हजार वर्षें शेळ्या पाळीत आलेले लोक भेटले. त्या लोकांची भाषा संपूर्ण नष्ट झाली. एक अक्षर लिहिलेलें नाहीं. परंतु ज्यांनीं शेळी दिली त्यांनीं तिचें एखादें नांवही दिलें असेल. ‘गाइत्स्’च्या धातूंतील ‘अ’ स्वर मूळ आर्यभाषेंत विरळा आहे, व शब्दाचा प्रसारही पश्चिमेपुरताच आहे. या दोन्ही खुणांवरून तो त्या नष्ट भाषेचा अवशेष असावा असें कांहीं विद्वान मानतात, आणि आमचाही कल तिकडेच आहे. आर्यांनीं ‘एडका’ जसा दाक्षिणात्यांकडून घेतला असावा, तसेंच हें. याउलट, लिथुएनियनांत खेळणें, बागडणें या अर्थाचा एक धातु आहे, त्यावरून ‘बागडणारें तें करडूं’ अशी व्युत्पत्ति लावणारेही आहेत. ती गोड आहे. पण ज्या शब्दास दोनच आप्त आहेत त्यास बागडण्याच्या बळावर तिसरा जोडणें धाडसाचें होय.

याहून एक पाऊल पुढें जाणारे पंडित सेमिटिक भाषांकडे बोट दाखवितात. हिब्रूंत करडूं म्हणजे ‘गेदी’. मृतसमुद्राच्या कांठचें एन-गेदी म्हणजे करडांचा झरा. अरबींत ‘जदी’, आणि मकरराशीसही तेंच नांव. शेळीची मायभूमी त्याच बाजूस, शब्दही जवळचा. तेव्हां पशूबरोबर शब्द चालत आला असें म्हणावयाचें कां? अडचण ही कीं, सेमिटिकांत ‘ग’, ‘द’ आणि मग ‘य’ असा क्रम आहे, तर आर्यशाखांत ‘इ’ मध्यें असून ‘द’ शेवटीं. वर्णांची ही अदलाबदल कोणत्या नियमानें झाली हें दाखविल्यावांचून आम्ही ‘बोकड’ व ‘बॉक’ यांस जो न्याय लाविला तोच येथेंही लाविला पाहिजे. मात्र एक गोष्ट नजरेंत भरते. ‘गेदी’ म्हणजे करडूं आणि लॅटिन ‘हाइदुस’ म्हणजेही करडूंच. त्याची वाढलेली शेळी झाली ती केवळ जर्मानिक लोकांच्या तोंडीं.